देहाच्या चालीचा लेखा

मनुष्य चालतो ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तींत कांहीं जाणण्याजोगें असेल अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. मूल पहिलें पाऊल टाकतें तेव्हां घरांत आनंद होतो, आणि म्हाताऱ्याचें पाऊल अडखळूं लागलें म्हणजे काळजी वाटूं लागते. या दोन टोकांच्या मधलीं पन्नास-साठ वर्षें आपल्या पायांकडे कोणी पाहत नाहीं. परंतु ही चाल नेमकी कशी घडते, उचललेला पाय स्वतःच्या भारानेंच झुलतो कीं स्नायु त्याला ओढून नेतात, एक पाऊल टेकतांना दुसरें किती वर आलेलें असतें, असें कोणी विचारलें तर डोळ्यांना त्याचें उत्तर देतां येत नाहीं. डोळा गति पाहतो, पण पाहिलेली गति त्याच्यापाशीं राहत नाहीं. तिला धरून ठेवावयाचें तर तिचा लेखा कोठें तरी उमटला पाहिजे. आणि तो उमटविण्यासाठीं बहुधा चालणाऱ्या देहाला कांहीं तरी बांधावें लागतें.

हें जें ‘कांहीं तरी’, त्याचा गेल्या चारशें वर्षांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. आज त्याचें रूप मोज्याला शिवतां येणाऱ्या किंवा कातडीला चिकटणाऱ्या एका लवचिक पट्टीइतकें झालें आहे. रबरासारख्या पदार्थांत कार्बनच्या किंवा चांदीच्या अतिसूक्ष्म तंतूंचें जाळें बसवून ती पट्टी करतात; गुडघा वाकला, श्वास घेतला, घोट गिळला, कीं तिच्यांतून वाहणाऱ्या विजेंत फरक पडतो व त्याची नोंद होते. इंग्रजींत हिला सेन्सर म्हणतात. आपण संवेदक म्हणूं. वृत्तपत्रें हा कालपरवांचा चमत्कार म्हणून सांगतात. वस्तुतः तें एका दीर्घ परंपरेचें ताजें पान आहे, आणि दोन प्रश्न मनांत धरून तीकडे पाहिलें म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. पहिला प्रश्न असा, कीं मोजमापासाठीं देहाला काय सोसावें लागलें? आणि दुसरा, कीं झालेली नोंद कोणाच्या हातीं राहिली?

देहाच्या सूक्ष्म गतीकडे लक्ष देणें आपल्याकडे अपरिचित नव्हतें. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतीला सर्पाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली आहे, आणि ती वाचतांना त्या वैद्यांच्या बोटांचें कौतुक वाटतें. परंतु हें ज्ञान बोटांतच राही. एका वैद्याला लागलेली हंसगति दुसऱ्याला ताडून पाहतां येत नसे. सतराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६) या वैद्यानें येथेंच निराळा मार्ग धरला. त्यानें एका दोरीला गोळी टांगून तिचा झोका नाडीशीं जुळेपर्यंत दोरी कमीअधिक केली, आणि दोरीची लांबी हेंच नाडीचें माप ठरविलें. शिवाय एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगून तींत तो स्वतः बसे, व खाल्लेलें, प्यालेलें आणि शरीराबाहेर टाकलेलें सर्व तोलून त्याचा हिशेब ठेवी. १६१४ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें पुस्तक हें या वर्षानुवर्षांच्या तोलण्याचें फळ होय. आपल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें येथें सोपीं आहेत. देहाला खुर्चींत बसून राहावें लागलें, आणि नोंद ज्याच्या देहाची होती त्याच्याच वहींत राहिली.

यानंतर जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली यानें हाडें म्हणजे तरफा व स्नायु म्हणजे त्या ओढणाऱ्या दोऱ्या असें मानून चालण्याचें, उडण्याचें व पोहण्याचें गणित मांडलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० व १६८१ सालीं, बाहेर पडला. जें ओझें आपण उचलतों त्याच्या कित्येक पट जोर स्नायूंना लावावा लागतो हें त्यानें दाखविलें. पुढें १८३६ सालीं जर्मनींतील वेबर बंधूंनीं मानवी चालीवर ग्रंथ लिहिला आणि असें प्रतिपादन केलें, कीं पुढें जाणारा पाय घड्याळाच्या लंबकाप्रमाणें केवळ आपल्या भारानेंच झुलतो. कल्पना सुंदर होती, आणि सुंदर असल्यामुळेंच ती बराच काळ टिकली. ती खरी कीं खोटी हें ठरविण्यास पायाची प्रत्येक क्षणींची जागा ठाऊक पाहिजे होती, आणि तें साधन त्या वेळीं कोणापाशींच नव्हतें.

तें साधन शोधण्यांत ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें तो एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ या कथेचा खरा नायक आहे. १८६० सालीं त्यानें मनगटावर बांधावयाचें नाडीलेखक यंत्र सिद्ध केलें. नाडीच्या ठोक्याबरोबर एक हलकी तरफ वर-खालीं होई आणि काजळी धरलेल्या कागदावर वक्ररेषा काढी. मग तो चालीकडे वळला. त्यानें जाड रबरी तळाचे जोडे करून तळांत हवेची पोकळी ठेवली. पाऊल टेकलें कीं आंतली हवा दबे, ती नळीवाटे वर जाऊन एका डबीवरील पातळ पडदा फुगवी, आणि पडद्यावरची तरफ फिरत्या नळकांड्यावरील कागदावर रेघ ओढी. हें नळकांडें धांवणारा स्वतःच्या हातांत धरून धांवे. त्याच्या डोक्यावर आणखी एक यंत्र असे, तें देहाचें वर-खालीं होणें टिपी. १८७३ सालच्या त्याच्या ग्रंथांत या धांवणाऱ्याचें चित्र आहे. तें पाहून आज हंसूं येतें. परंतु रबर, हवेचा दाब आणि अंगावर वागवावयाचें नोंदीचें यंत्र या तीन गोष्टी त्या चित्रांत एकत्र आल्या आहेत, आणि आजचा संवेदक हा त्या जोड्याचाच वंशज आहे हें विसरतां येत नाहीं.

मारे याची मोठी योग्यता अशी, कीं आपल्या यंत्राची अडचण त्याला स्वतःलाच प्रथम खुपली. डोक्यावर यंत्र व हातांत नळकांडें घेतलेला मनुष्य धांवतो खरा, पण तो नेहमींसारखा धांवतो काय? ज्याला मोजावयाचें त्यालाच माप बदलून टाकतें, ही शंका घेऊन तो पुढें छायाचित्रणाकडे वळला. १८७८ सालीं अमेरिकेंत मायब्रिज यानें धांवत्या घोड्याचीं ओळीनें छायाचित्रें घेतलीं होतीं. मारेनें १८८२ सालीं एका सेकंदांत बारा चित्रें घेणारी ‘बंदूक’ तयार केली. नंतर मनुष्याला काळा पोषाख घालून त्याच्या हातापायांवर पांढऱ्या रेघा ओढल्या, म्हणजे चित्रांत देह लोपून केवळ रेघांची चाल उरे. देहावरचें ओझें उतरलें. मात्र तो देह आतां कॅमेऱ्यासमोरच्या अंगणापुरता बांधला गेला. हातांत लेखा घेऊन रस्त्यानें जाण्याची मोकळीक गेली. पुढें दीर्घकाळ हेंच दुखणें राहिलें. मोकळें चालावें तर यंत्राचें ओझें अंगावर, आणि ओझें टाकावें तर प्रयोगशाळेच्या भिंती भोंवतीं.

लाइप्झिग येथें व्हिल्हेल्म ब्राउन व ओटो फिशर यांनीं १८९१ सालीं केलेल्या प्रयोगांत तर दोन्ही बंधनें एकत्र आलीं. त्यांनीं एका पुरुषाच्या अवयवांना विजेनें चमकणाऱ्या कांचेच्या नळ्या बांधून त्याला अंधारांत चार कॅमेऱ्यांसमोर चालविलें. एकदां तर सैनिकाचें पाठीवरचें ओझें व बंदूक देऊनहि चालविलें. चालणें कांहीं क्षणांचें, पण त्यावरचें गणित वर्षानुवर्षें पुरलें. ब्राउन १८९२ सालीं वारला, आणि फिशरनें १८९५ पासून १९०४ पर्यंत सहा भागांत तें काम प्रसिद्ध केलें. त्यांतून वेबर बंधूंच्या लंबकाचा निकाल लागला. पाय केवळ भारानें झुलत नाहीं, झुलतांनाहि स्नायु त्याला हांकीत असतात, हें आंकड्यांनीं सिद्ध झालें. चांगलें माप मिळालें म्हणजे सुंदर परंतु चुकीची कल्पना कशी मावळते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

येथवर मोजणाऱ्यांचा हेतु ज्ञानाचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं कारखान्याचा मालक या कथेंत शिरतो. अमेरिकेंत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानें कामगारांच्या बोटांना लहान विजेचे दिवे बांधून त्यांच्या हालचालींच्या प्रकाशरेषा छायाचित्रांत उतरविल्या. निरर्थक हालचाल टळावी आणि थकवा कमी व्हावा, असा त्यांचा उद्देश होता, व तो अप्रामाणिक होता असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु ज्याच्या बोटाला दिवा बांधला त्यानें हें माप मागितलें नव्हतें. हातांत घड्याळ धरून कामगारांचा वेळ मोजण्याची टेलरची पद्धति मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारांत आणली गेली, तेव्हां १९११ सालीं तेथील ओतकाम करणाऱ्यांनीं काम बंद ठेवलें. प्रकरण अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेलें, आणि १९१५ सालीं तिनें लष्करी कारखान्यांतील असल्या घड्याळी मापनास पैसा देण्याचेंच नाकारलें. त्या कामगारांना घड्याळाच्या विज्ञानांत दोष दिसला नव्हता. नोंद आपल्या देहाची आणि वही दुसऱ्याची, हें त्यांना सोसवलें नाहीं.

आतां या कथेचा दुसरा प्रवाह पाहिला पाहिजे, कारण आजच्या संवेदकाचें मर्म त्यांत आहे. १८५६ सालीं विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाला, त्यानें दाखविलें कीं लोखंडाची किंवा तांब्याची तार ताणली असतां तिचा विद्युत्-रोध बदलतो. तार ताणल्यानें लांब व बारीक होते आणि वीज तींतून जाण्यास अधिक कष्ट पडतात. तारेकडून ज्याला केवळ वीज वाहून न्यावयाची आहे त्याच्या दृष्टीनें हा उपद्रवच. ऐंशीं वर्षांनंतर कोणाच्या तरी ध्यानांत आलें, कीं हा उपद्रव म्हणजेच एक माप आहे. कॅलिफोर्निया येथें एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्स येथें आर्थर रूज अशा दोघांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें बारीक तार वस्तूवर घट्ट चिकटविली, म्हणजे वस्तु ताणली कीं तारहि ताणली जाई व रोधावरून ताण कळे. रूज १९३८ सालीं भूकंपाचा उंच जलकुंभांवर होणारा परिणाम एका लहान प्रतिकृतीवर अभ्यासीत होता. या शोधाला व्यापारी महत्त्व फारसें येणार नाहीं असें त्याच्या संस्थेला वाटलें व तिनें हक्क त्यालाच सोडून दिले; पुढें महायुद्धांत हजारों विमानांची परीक्षा याच तारांनीं झाली.

मात्र विमान आणि देह यांत अंतर आहे. धातूची अशी पट्टी शेंकडा पांचाच्या आसपास ताणली कीं निकामी होते, आणि गुडघ्यावरची कातडी आपण बसतां-उठतां याच्या कित्येक पट ताणली जाते. शिवाय कातडी हाडावरून सरकते. दुसऱ्या महायुद्धांत पाय गमावलेल्या सैनिकांना चांगले कृत्रिम पाय मिळावे म्हणून १९४५ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठांत व्हर्न इन्मन व त्याचे सहकारी चालीचा अभ्यास करीत होते. कातडीवर बांधलेलें चिन्ह हाडाची गति खरी सांगत नाहीं म्हणून त्यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या तरुणांच्या कंबरेच्या, मांडीच्या व नडगीच्या हाडांत पोलादी खिळे बसविले आणि त्यांना चालविलें. देहानें मापासाठीं काय सोसावें, या आपल्या पहिल्या प्रश्नाचें याहून कठोर उत्तर क्वचितच सांपडेल. परंतु हें सोसणें समजून-उमजून केलेलें होतें, आणि त्याचा लाभ कोणाला व्हावयाचा हेंहि त्यांना ठाऊक होतें.

कातडीबरोबर ताणलें जाईल असें मापक १९५३ सालीं इंग्लंडांत व्हिटनी या शास्त्रज्ञानें वर्णिलें. त्यानें बारीक रबरी नळींत पारा भरून ती हातापायाभोंवतीं वळविली. पारा द्रव असल्यामुळें तो तुटत नाहीं. नळी ताणली कीं त्याची रेघ बारीक होऊन रोध वाढतो. युक्ति अचूक होती, पण विषारी पारा अंगावर दिवसभर वागविणें शहाणपणाचें नव्हे. पाऱ्यासारखा विद्युद्वाहक, रबरासारखा ताणला जाणारा, आणि कापडासारखा निरुपद्रवी असा पदार्थ हवा होता. तो निसर्गानें एका धातूंत दिलेला नाहीं. तो दोन पदार्थांच्या संसारांतून निर्माण करावा लागला.

१९९१ सालीं जपानांतील त्सुकुबा येथें सुमिओ इइजिमा यानें कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा एकपदरी नलिकेची जाडी एक-दोन नॅनोमीटर, तर आपला केंस ऐंशीं हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो. २००४ सालीं मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कॉन्स्टांटिन नोव्होसेलोव्ह यांनीं चिकटपट्टीच्या साह्यानें ग्राफाइटचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, वेगळा काढला. त्यासाठीं त्यांना २०१० चें नोबेल पारितोषिक मिळालें. या द्रव्यांचें वैशिष्ट्य असें, कीं रबरांत तीं थोडींशीं पसरलीं तरी एकमेकांना टेकून विजेला वाट करून देतात. रबर ताणलें कीं कांहीं स्पर्श सुटतात, वाट लांबते, रोध वाढतो; सोडलें कीं स्पर्श पुन्हां जुळतात.

त्याच त्सुकुबा नगरींत २०११ सालीं ताकेओ यामादा, केन्जी हाता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नलिकांचा एक पातळ पट लवचिक पदार्थावर बसविला. ताणला असतां त्याला भेगा पडतात, परंतु भेगेच्या दोन कांठांना नलिकांचे झुबके पुलाप्रमाणें धरून ठेवतात. वाहक म्हणून पाहिलें तर भेगाळलेला पट टाकाऊच. परंतु ह्या भेगांमुळेंच तो मूळ लांबीहून २८० टक्के अधिक ताणला तरी माप देत राहिला. हा पट त्यांनीं पायमोज्यांवर, हातमोज्यांवर व मलमपट्टीवर बसवून गुडघ्याचें वांकणें, बोटांची हालचाल, श्वास आणि बोलतांनाची गळ्याची थरथर नोंदविली. त्याच वर्षीं स्टॅनफर्ड येथें झेनान बाओ हिच्या प्रयोगशाळेनें नलिकांचे पारदर्शक व लवचिक संवेदक केले, आणि इलिनॉय येथील जॉन रॉजर्स याच्या गटानें सिलिकॉनचे नागमोडी पातळ धागे वापरून गोंदणाप्रमाणें कातडीला चिकटणारें यंत्र दाखविलें. डब्लिन येथें जोनाथन कोलमन याच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं साध्या रबरी पट्ट्यांत ग्राफीन मुरविलें; पुढें २०१६ सालीं मुलांच्या खेळण्यांतील सिलिकोनच्या लगद्यांत तें मिसळून असा पदार्थ केला, कीं जाळें विणणाऱ्या लहानशा कोळ्याचें पाऊलहि त्याला जाणवलें. धातूच्या तारेंत शेंकडा एक ताणास रोध सुमारें दोन टक्के वाढतो. या लगद्यांत त्याच हिशेबानें वाढ पांचशें टक्क्यांहून अधिक भरते.

केल्विनच्या काळचा दोष येथें अशा रीतीनें गुण झाला. तथापि सर्वच दोष गेले असें नाहीं. रबर ताणून सोडलें तर तें लगेच मूळ स्थितीवर येत नाहीं. त्यामुळें जातांनाचें व येतांनाचें माप थोडें निराळें पडतें. घाम, उष्णता व धुणें यांनीं त्यांत भर पडते. मऊ पट्टी जेथें कठीण तारेला जोडली जाते तेथें ती तुटण्याचें भय असतें. लांब व ताठ नलिका श्वासावाटे देहांत गेल्यास ॲस्बेस्टॉससारखें अपाय करतील कीं काय, ही शंका २००८ सालीं एडिंबरो येथील संशोधकांनीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांनंतर बळावली. रबरांत बंदिस्त असतां भय कमी, तरी त्या तयार करणाऱ्या कामगारांचा विचार केलाच पाहिजे. आणि इन्मननें सांगितलेली मूळ अडचण कायमच आहे. संवेदक कातडीची गति सांगतो. हाडाची गति त्यावरून अनुमानानें काढावी लागते.

इतकें असूनहि या पट्टीचा लाभ सामान्य नव्हे. कंपवाताचा रोगी वैद्यासमोर कांहीं मिनिटें बसतो व त्या वेळीं बहुधा सावरून चालतो; घरीं पहांटे उठतांना त्याचे पाय जमिनीला खिळतात तें पाहण्यास वैद्य तेथें नसतो. पक्षाघातानंतर हात पुन्हां वळूं लागला कीं नाहीं, हें आठवड्यांतून एकदां पाहण्यापेक्षां रोज पाहतां आलें तर व्यायामाची दिशा वेळींच बदलतां येते. मारेच्या धांवणाऱ्याला जें साधलें नाहीं तें, म्हणजे मोकळेपणानें चालावें आणि नोंदहि व्हावी, तें या पट्टीनें साध्य होऊं लागलें आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर चारशें वर्षांनीं जवळजवळ समाधानकारक झालें आहे : देहाला आतां फारसें कांहीं सोसावें लागत नाहीं.

परंतु नेमक्या याच यशानें दुसरा प्रश्न अधिक बिकट केला आहे. मारेचा धांवणारा नळकांडें विसरूं शकत नव्हता. इन्मनच्या तरुणाला आपल्या हाडांतला खिळा विसरणें शक्य नव्हतें. तें ओझें हीच जणूं त्यांची सावधगिरी होती. जें यंत्र जाणवत नाहीं तें विसरलें जातें, आणि विसरलेल्या यंत्राला संमति दिली आहे असें म्हणणें कठीण आहे. शिवाय ही नोंद आतां कागदावर राहत नाहीं; ती क्षणांत दूरच्या कोठारांत जाते. २०१८ सालीं अमेरिकेंतील अमेझॉन कंपनीला कामगाराच्या मनगटावरील पट्ट्यावरून त्याचा हात गोदामांत कोठें आहे हें ओळखणाऱ्या योजनेचीं पेटंटें मिळालीं. पेटंट मिळालें म्हणजे तें वापरांत आलें असें नव्हे. तथापि वॉटरटाउनच्या कामगारांना जो प्रश्न पडला होता तो शंभर वर्षांनींहि जुना झालेला नाहीं. त्यांना निदान समोरचें घड्याळ दिसत होतें.

यावरून मापनच टाकावें असें मी म्हणत नाहीं. माप नसतें तर लंबकाची चुकीची कल्पना आजहि पाठ्यपुस्तकांत राहिली असती, आणि कृत्रिम पायांचें शास्त्र अंधारांत चांचपडत राहिलें असतें. म्हणणें एवढेंच, कीं ज्या काळजीनें शास्त्रज्ञांनीं देहावरचें ओझें उतरविलें, तितक्याच काळजीनें समाजानें नोंदीचा मालक ठरविला पाहिजे. आपल्या घरांतील वृद्धाच्या गुडघ्यावर उद्यां अशी पट्टी बसवावयाची वेळ येईल तेव्हां किंमत आणि टिकाऊपणा विचारण्याआधीं आपण दोन गोष्टी विचाराव्या : ही नोंद प्रथम कोणाला दिसेल, आणि ज्यानें पट्टी घातली त्यानें ‘नको’ म्हटलें तर ती खरोखर थांबेल काय? सांतोरिओच्या तराजूंत बसणारा आणि आंकडे लिहिणारा एकच होता. ती स्थिति आतां परत येणार नाहीं. परंतु तराजूंत बसणाऱ्याला वही उघडून पाहण्याचा आणि ती मिटण्याचा अधिकार असावा, इतकी अपेक्षा अवास्तव नाहीं.